दोन भावांच्या पिच्चरचा शेवट

पोलादपूरहून आंबेनळीच्या वाटेला लागलं की घाट सुरू व्हायच्या आधी डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. पस्तीस उंबरे, त्यातले वीस तर वर्षातून दोनदाच उघडतात, शिमग्याला आणि गणपतीला. या वाडीत हैबती उतेकर राहतो. वय बासष्ट. त्याला इंग्रजी येत नाही, चिनी येत नाही, आणि हिंदी येते ती भाजीच्या घासाघिशीपुरती. तरीही पंधरा वर्षं त्यानं आसपासच्या वाड्यांना परदेशी मारामारीचे पिच्चर मराठीतून सांगितले, आणि एकाही प्रेक्षकानं कधी तक्रार केली नाही. एवढं धाडस अंगात असायला जन्मच तसा घ्यावा लागतो.

सतराव्या वर्षी तो चुलत्याबरोबर मुंबईला गेला आणि लालबागच्या एका व्हिडिओ पार्लरात कामाला लागला. काम काय, तर संपलेली कॅसेट मागे गुंडाळायची आणि व्हीसीआरचं हेड करकरीत नोटेनं घासून पुसायचं. दहा वर्षांनी मालकानं धंदा गुंडाळला तेव्हा निरोपाला त्याला एक जुना व्हीसीआर दिला आणि कुणी फुकट नेत नव्हतं अशा चौदा कॅसेटी दिल्या. हैबती ते सगळं गोणपाटात बांधून गावी आला. तुळसाशी लग्न झालेलं होतंच. ती म्हणाली, "लोकं मुंबईवरनं सोनं आनतात, ह्यानं डबडी आनली."

पण डबड्यांनी घर चालवलं. त्या चौदाही कॅसेटी कराटेच्या होत्या. हे पिच्चर थेटरात कधी लागलेच नव्हते. फक्त कॅसेटवर विकायला काढलेले, आठ-दहा दिवसांत उरकलेले. एकच गोदाम, एकच बांबूचं बन, तेच सहा गुंड. पहिल्या अर्ध्या तासात मेलेला गुंड शेवटच्या मारामारीत मिशी लावून परत यायचा. प्रेक्षकांत चुळबुळ झाली की टीव्हीच्या बाजूला उभा राहिलेला हैबती ठणकावून सांगायचा, "ह्यो त्याचा भाऊ!" लोक गप्प व्हायचे. नटांची नावं त्याला वाचता येत नव्हती, म्हणून त्यानं आपल्या पदरची ठेवली. पांढऱ्या दाढीचा गुरू दिसला की तो गोमाजी, मग पिच्चर कुठलाही असो.

खेळ तो दुपारीच लावायचा. रात्री व्होल्टेज पडायचं आणि टीव्हीतलं चित्र आक्रसून पोस्टाच्या तिकिटाएवढं व्हायचं. गणपतीच्या दिवसांत या वाडीतून त्या वाडीत जीपमधून भाड्याचा टीव्ही फिरायचा, मांडीवर व्हीसीआर घेऊन हैबती पुढे बसायचा. त्याचा रुबाब त्या दिवसांत तहसीलदारापेक्षा कमी नव्हता.

आता महिपत आणि श्रीपत या भावांचं सांगायला हवं, कारण हैबतीच्या आयुष्यातली खरी भानगड त्यांच्यापाशी आहे.

दोघं सख्खे भाऊ. महिपत थोरला, शेती बघायचा. श्रीपत धाकटा, मुंबईत गिरणीत होता. एका आषाढात त्यांची आई पहाटे गेली. मुंबईला निरोप धाडला. पाऊस असा की दासगावला सावित्रीचं पाणी रस्त्यावर आलेलं. महिपतनं शेजारच्या हैबतीला बोलावून सांगितलं, "जा, फाट्यावर उभा ऱ्हा. शिरपती दिसला की पळत ये. तवर आयला उचलत नाय." हैबती इरलं पांघरून फाट्यावर उभा राहिला. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. गाडी आली नाही. अंधार पडता पडता तो परत आला आणि महिपतला म्हणाला, "कोन नाय आलं, नाना." मग महिपतनं आईला अग्नी दिला.

श्रीपत दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला, तेव्हा राख निवत आली होती. तो महिपतला एवढंच म्हणाला, "आयचं तोंड दावलं नायस." महिपतला ते वर्मी लागलं. मी दिवसभर तुझ्यासाठी थांबलो, हे त्यानं सांगितलं नाही. वाडीची समजूत पावसामुळे उशीर झाला अशीच होती. हैबती सांगायला निघाला तर त्याला दटावलं, "मी कुनाला सफाई देनार नाय. तुला शप्पत हाय." माणसं अशी असतात. घास घशात अडकून जीव जाईल, पण पाणी मागणार नाहीत.

सहा वर्षं भाऊ बोलले नाहीत. घराच्या मधोमध कुडाची भिंत आली. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे गणपती दोन झाले. एका छपराखाली भिंतीच्या अलीकडे एक, पलीकडे एक. आरती चालू असताना एका खोलीतल्या झांजा दुसऱ्या खोलीतल्या झांजांवर कुरघोडी करायच्या. वाडीतल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, देवाला सवत आणली.

अशाच एका गणपतीत हैबतीचा खेळ होता. त्या पावसात त्याच्या कॅसेटींना बुरशी धरली होती. एकच चांगली निघाली, जी त्यानं आजवर कुठेच लावली नव्हती. कारण ती शेवटाला तुटकी होती. दोन तरणे गडी सबंध पिच्चरभर एकमेकांना बडवतात, शेवटी एक खाली पडतो, दुसरा त्याच्यावर हात उगारतो आणि तिथेच चित्र जाऊन टीव्हीवर मुंग्या येतात. पुढे काय होतं ते हैबतीलाही माहीत नव्हतं.

देवळाच्या सभामंडपात खेळ सुरू झाला. खांबाच्या या बाजूला महिपत बसला होता, त्या बाजूला श्रीपत. हैबतीनं दोघांकडे बघितलं आणि त्याच्या जिभेवर कुठून आलं कोण जाणे, तो म्हणाला, "एका आईला दोन लेक व्हते." मग त्याला थांबता येईना. पडद्यावरच्या भिंतीवर एका बाईचा फोटो होता, ती आई झाली. ती वारली. नदीला पूर आला. धाकटा अडकला. थोरल्यानं वाटेवर माणूस उभा केला, दिवस बुडेपर्यंत प्रेत उचललं नाही. पण हे धाकट्याला कुणी सांगितलं नाही, आणि थोरल्याच्या तोंडाला कुलूप. म्हणून ही मारामारी.

बरोबर उगारलेल्या हातावर मुंग्या आल्या. पोरांनी गलका केला. हैबती ओरडला, "बसा खाली! मी धा वेळा बघितलाय ह्यो पिच्चर, शेवट सांगतो." आणि मुंग्यांच्या उजेडात त्यानं शेवट सांगितला. थोरल्यानं उगारलेला हात खाली घेतला, तोच हात धाकट्याला दिला आणि उठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीपत भिंतीला वळसा घालून महिपतच्या दारात गेला. आत काय बोलणं झालं ते कुणी ऐकलं नाही. पुढच्या वर्षी घरात गणपती एकच आला आणि कुडाच्या भिंतीचं सरपण झालं.

वाडीला आनंद झाला. हैबतीला मात्र धसका बसला. खरा शेवट कुणी बघितला तर? आपल्याला गंडवलं म्हणून भाऊ पुन्हा फुटले तर? काही दिवसांनी महाडला जाण्याचं निमित्त करून तो दासगावला उतरला आणि ती कॅसेट त्यानं खाडीत फेकली. पुढे सीडी आल्या, मग मोबाइल आले, त्याचा धंदा बसला आणि तो शेतीला लागला. पण वाडीत कुणी कौतुकानं दोन भावांच्या पिच्चरचं नाव काढलं की हैबतीच्या पोटात गोळा यायचा. अठ्ठावीस वर्षं तो गोळा त्यानं सांभाळला. तुळसालासुद्धा सांगितलं नाही.

आणि यंदा घरचाच भेदी निघाला. त्याची धाकटी लेक सेजल डोंबिवलीला नोकरी करते. गणपतीला आली ती एक प्रोजेक्टर घेऊन, चेहरा असा की बक्षीस लागलंय.

"बाबा, सरप्राइज आहे. तुमचा दोन भावांचा पिच्चर मिळाला मला! हिंदी डबिंग केलेला, पूर्ण. वाडीतल्यांनी सांगितलेल्या खुणांवरून सहा महिने शोधत होते. उद्या दुपारी देवळात लावायचा."

हैबतीनं चहाची बशी खाली ठेवली. "पाऊस हाय गो," तो म्हणाला. "लाइटीचा भरवसा नाय. म्हाताऱ्या मानसांना कशाला तरास?"

"महिपतनाना आणि श्रीपतनाना तर पहिल्या रांगेत बसणार आहेत. मी सांगून आले."

त्या रात्री हैबतीला झोप कसली येतेय. ज्या माणसानं उभं आयुष्य लाइट जाऊ नये म्हणून नारळ फोडले, त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी गणपतीसमोर हात जोडून लाइट जाऊ दे म्हणून मागणं मागितलं. देवानं ऐकलं नाही. लाइट त्या दिवशी अशी टिकली, जशी कधीच टिकत नाही.

देवळाची दारं लोटून अंधार केला. भिंतीवर चादर लावली. एक्क्याऐंशी वर्षांचा महिपत आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा श्रीपत एकाच सतरंजीवर बसले, एकाच डब्यातली तंबाखू मळत. हैबती मागे खांबाला टेकून उभा राहिला.

पिच्चर हिंदीत बोलू लागला आणि हैबतीची दाणादाण उडाली. ते दोघं भाऊ नव्हतेच. एक स्मगलर होता, दुसरा पोलीस. पांढऱ्या दाढीचा गोमाजी टोळीचा म्होरक्या निघाला. ज्या फोटोतल्या बाईला हैबतीनं आई केलं होतं, ती स्मगलरची बायको. वाडीतली माणसं आधी चक्रावली, मग खुसूखुसू हसू लागली. शेवटाला पोलिसानं हात उगारला, हैबतीनं डोळे मिटले, आणि मोठा धप्प आवाज आला. डोळे उघडले तर स्मगलर गोदामाच्या छपरावरून खाली पडून मेला होता. पोलीस गॉगल लावून निघून गेला. समाप्त.

दारं उघडली. महिपत सेजलकडे वळून म्हणाला, "ह्यो कुठला पिच्चर गो?"

"तोच आहे नाना."

"ह्यो त्यो नाय. हिंदीवाल्यांनी वाटोळं केलंन त्याचं."

लोक हसले. त्या हसण्यात हैबतीला सुटून जाता आलं असतं. पण त्याला ते सोसवलं नाही. तो पुढे आला आणि दोघा भावांसमोर उभा राहून म्हणाला, "नाना, पिच्चर ह्योच. मीच खोटं बोललो. कॅसेट तुटकी व्हती. धा वेळा सोडा, मी शेवट एकदाबी बघितला नव्हता. सगळं माज्या मनचं. तुमाला फसवलं मी, माफी करा."

महिपतनं तोंड उघडलं, पण श्रीपतनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला थांबवलं.

"हैबत्या, खाली बस आदी," श्रीपत म्हणाला. "त्या दिशी तू म्हनालास, थोरल्यानं वाटेवर मानूस उभा केला. मी टीव्हीत डोळं फाडून बघत व्हतो. त्यात वाट नव्हती का मानूस नव्हता. मंग मी तुज्याकडं बघितलं. तू रडत व्हतास. पिच्चर सांगनारा कवा रडतो काय रे? तवाच मला कळलं, फाट्यावर उभा व्हता त्यो तूच."

हैबती सतरंजीच्या कडेला बसला आणि त्यानं विचारलं,

"मंग बोलला नाय ते इतकी वरसं?"

"काय बोलू? मी सकाळी उठलो आनि दादाकडं गेलो. जायचं तर कवापासनं व्हतं मनात. पाय उचलत नव्हता."

महिपत दुसरीकडे बघत डोळे पुसत होता. "मी शप्पत घातलेली ह्याला," तो पुटपुटला. "मोडलीन ती."

"बरं केलं," श्रीपत म्हणाला.

हैबतीच्या पोटातला अठ्ठावीस वर्षांचा गोळा विरघळला आणि त्याला एकदम कडकडून भूक लागली. तुळसानं मागून मोदकाचं ताट पुढे सरकवलं. "एवढंसं व्हतं तर मला सांगायचं," ती म्हणाली. त्यानं ओळीनं चार मोदक खाल्ले. इतका हलका तो कधी झाला नव्हता.

तेवढ्यात महिपतनं काठी आपटली. "सेजल, परत लाव गो त्यो पिच्चर. आवाज बंद कर. आनि शेवट आला की मशीनच बंद कर. हैबत्या, ऊठ, सांग."

दारं पुन्हा लोटली गेली. हैबती चादरीच्या बाजूला आपल्या जुन्या जागी उभा राहिला, तोंड पुसलं, घसा खाकरला आणि दोघा भावांकडे बघत म्हणाला, "एका आईला दोन लेक व्हते."