कोरा समास

६ एप्रिल, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. नात मीरा हिने प्रवेशपरीक्षेची सराव-प्रश्नपत्रिका तपासायला दिली. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस उत्तरे बरोबर होती. समास मात्र कोरे होते. गणित शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे मी उत्तराआधी समास पाहतो. मूल कुठे अडखळले, ते तिथल्या खोडलेल्या आकडेमोडीत दिसते.

“रफ कुठे केलंस?”

“तोंडीच केलं, आजोबा.”

“ही गणितं तोंडी मलाही जमणार नाहीत.”

तिने मान खाली घातली. “मागची उत्तरं बघून लिहिली. चुकलं की तुम्ही नुसतं बघत राहता. त्यापेक्षा ओरडा ना!”

मला भीती वाटली. परीक्षा महिन्यावर आली आहे आणि तिला काय येत नाही, हे मला ठाऊक नाही. चूक लपवण्याची सवय मीच लावली आहे. पुढे आयुष्यात काही मोठे चुकले, तरी ती मला कोरा समासच दाखवील.

दुपारी तिच्याशेजारी बसून मी त्याच कोऱ्या समासात एकतिसावे गणित सोडवायला घेतले. तिसऱ्या पायरीवर अडलो.

“अहो आजोबा, चिन्ह बघा की!”

मी समासातले चुकलेले चिन्ह तिच्यादेखत खोडले आणि शेजारी बरोबर लिहिले.