खिशात न दिसणारा व्हेप

मंडळी, सिगारेट सोडल्याचं बायकोला सांगून बसलोय, म्हणून आज इथल्या न्यू लिन भागातल्या एका दुकानातून गुपचूप व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, घेतला. दुकानातल्या मुलीने तीन दाखवले. मी प्रत्येक व्हेप शर्टाच्या खिशात घालून आरशात पाहिला आणि ज्याचा फुगवटा दिसत नाही, तो सगळ्यात छोटा घेतला.

शाळेतून घरी येताना लेक गाडीत म्हणाली, "बाबा, व्हाय डू यू कीप टचिंग युअर पॉकेट?"

माझे वडील असाच खिसा चाचपायचे आणि आईला म्हणायचे, "सोडली गं." शेवटी हॉस्पिटलच्या गाऊनला खिसाच नव्हता. शुद्ध हरपली होती, तरी त्यांचा हात छातीवर खिसा शोधत होता.

व्हेप ड्रॉवरमध्ये ठेवलाय. हे लिहितानाही हात दोनदा छातीवर गेला.

तुमच्यापैकी कोणी खरंच सोडली असेल तर सांगा, हा हात कधी थांबतो?