परक्या देवतेच्या ओव्या

१२ मे १९३३. आंबापोळ्या उलटायच्या होत्या. रसाची ताटं अंगणात वाळत होती आणि कावळे हाकायला मी, माझी सून आणि शेजारच्या काकू अशा तिघी पडवीत बसलो होतो.

सुनेचं माहेर पावसला. तिच्या आईची दोन पत्रं येऊन गेली होती, चार दिवस पाठवा म्हणून. पाऊस लागला की खाडी ओलांडणं कठीण, मग थेट दिवाळी. मी मात्र सांगून ठेवलं होतं, आंब्याचं काम उरकल्याशिवाय कोणी हलायचं नाही.

सून इंग्रजी पाच इयत्ता शिकलेली. मुलानं मुंबईहून ग्रीक लोकांच्या देवादिकांचं पुस्तक पाठवलं होतं, त्यातल्या एका कथेवर तिनं ओव्या रचल्या होत्या. काकूंना सुगावा लागलाच.

"म्हण की गो. कावळ्यांना तरी ऐकू दे."

तिनं आधी गोष्ट सांगितली. पिकांची एक देवी. तिची लेक फुलं तोडत असताना पाताळाच्या राजानं पळवून नेली. मग वही न उघडताच ती म्हणू लागली :

भुईच्या पोटात। लेक माझी नेली।
तेव्हाच मी केली। शेते बंद॥

देव येई दारी। म्हणे ऊठ बाई।
उठायची नाही। लेकीविना॥

कावळे हाकायचं मी विसरले. जात्यावर मी शेकड्यांनी ओव्या म्हटल्या आहेत. त्यांतली आई पदरानं डोळे पुसते आणि लेकीला नीट नांद म्हणून सांगते. ही बाई नुसती बसून राहिली, तर जगात कोंब फुटेना. देवांना तिच्या दारी यावं लागलं. समोर आमचे मळे पेरणीआधी पालापाचोळा जाळून, भाजावळ होऊन काळे पडले होते. वर्षानुवर्षं पाहिलेली ती जमीन, पण त्या दुपारी ती त्या देवीनंच बंद केल्यासारखी दिसली.

"मग सुटली का पोर?" काकूंनी विचारलं.

"अर्धीच. पाताळात तिनं डाळिंबाचे चार दाणे खाल्ले होते. तिथलं खाल्लं म्हणजे तिथली झाली. म्हणून थोडे महिने आईकडे, थोडे तिकडे."

"म्हणजे सूनमुखाची साखरच की!" काकू हसल्या. "आरशात तोंड बघायचं, साखर भरवायची, की झाली पोर आपली."

सून हसली नाही. मलाही हसू आलं नाही. ती साखर मीच भरवली होती.

"माझ्यावर रचलंस होय गो?" मी विचारलं.

"नाही हो आई. हजारो वर्षांची गोष्ट आहे ती. तिकडच्या बायकांची."

ती खरंच बोलत होती, ते तोंडावर दिसत होतं. म्हणूनच मी जास्त चरकले. टोमणा असता तर परतवला असता. हे कुठल्या समुद्रापलीकडून आलं होतं आणि माझ्या पडवीत येऊन बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचं गाठोडं बांधलं आणि स्वतः तिला भाट्याच्या खाडीवरच्या तरीपर्यंत घेऊन गेले. होडीत पाय ठेवताना तिनं विचारलं, "आई, परत कधी येऊ?"

"ते तुझ्या आईला विचार," मी म्हटलं.