शरदिनीची लेक

शरदिनीने बाप्तिस्मा घेतला त्याच आठवड्यात तिचे दीर ढुंढिराजशास्त्री यांनी काशीच्या दुर्गाघाटावर तिचं श्राद्ध उरकलं. वहिनी जिवंत आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला मिशनच्या आवारात तान्ह्या लेकीला मऊ भात भरवते आहे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तरी पिंड पडले आणि ब्राह्मणांनी लाडू रिचवले. ते कळल्यावर शरदिनी म्हणाली, विधवा झाल्यापासून जिला एकवेळ जेवायला घातलं, तिच्या नावाने घरात प्रथमच पंगत उठली.

मिशनच्या लोकांनाही ती सोडत नसे. पाहुणे आले की मिसबाई छोट्या बकुळला खुर्चीवर उभी करायच्या आणि काशीच्या ब्राह्मणाची मुलगी येशूची प्रार्थना कशी म्हणते, ते कौतुकाने दाखवायच्या. एकदा शरदिनीने सगळ्यांदेखत पोरीला खाली उतरवलं. माकडांचा खेळ बघायचा असेल तर दुर्गाकुंडावर जा, असं तिने मिसबाईंना हिंदीत सुनावलं.

घरी मात्र ती लेकीला रोज येशूच्या गोष्टी सांगे. पाठांतर कधी करवून घेतलं नाही. देवाशी आपल्याच शब्दांत बोलावं, कुणी ऐकत नसताना बोलावं, एवढंच शिकवलं. बकुळने ते इतकं मनावर घेतलं की आईलाच जड जाऊ लागलं. आई कुणाची टर उडवू लागली की पोर गुपचूप उठून बाहेर जाई.

बकुळ मोठी झाली, मिशनच्या दवाखान्यात काम शिकली. एका उन्हाळ्यात दुर्गाघाटावर पटकी पसरली. ढुंढिराजशास्त्रींनी अंथरूण धरलं, तसे त्यांचे शिष्य भराभर पांगले. घरात एकटी त्यांची बायको लीला उरली. हे कानावर येताच बकुळने औषधांची पिशवी भरली.

"त्याने माझे पिंड घातलेत," शरदिनी म्हणाली. "मेलेल्या बाईची मुलगी त्याला चालेल होय? मरू दे मेल्याला."

"वैऱ्यालाही क्षमा करायची, हे तूच शिकवलंस आई. त्यातून काकांना वगळलं नव्हतंस."



बकुळ काकांच्या घरी गेली आणि तिथेच राहिली. पाणी उकळलं, घाण काढली, काकांना चमच्याने औषध पाजलं. जीव कंठाशी आलेला असताना शास्त्रीबुवांनी पाजणारीची जात विचारली नाही. जात त्यांना आठवली, ते हिंडूफिरू लागल्यावर. मग बालाजी घाटावर त्यांनी साग्रसंगीत प्रायश्चित्त घेतलं आणि बाटलेल्या पोरीने घर विटाळलं म्हणून गावभर सांगितलं. तिच्या हातचं जे पाणी अंगात मुरून त्यांना उभं करून गेलं, ते धुऊन कसं काढलं, हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

शरदिनीने ही बातमी लेकीला चवीचवीने ऐकवली. निदान आता तरी पोर चिडेल, अशी तिला आशा होती.

"बालाजी घाटापर्यंत चालत गेले?" बकुळ म्हणाली. "मग ताकद आली म्हणायची."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. शरदिनी बाहेर उभी राहिली. दुर्गाघाटाला खिजवायला म्हणून तिने स्वतः हा धर्म धरला होता का, हा प्रश्न आजवर तिने मनात येऊ दिला नव्हता. आत कुणाशी तरी हळू आवाजात बोलणाऱ्या मुलीला मात्र खिजवायला कुणीच नको होतं.

पुढच्या महिन्यात लीला पदर ओढून दवाखान्याच्या दारात आली; तिथे शरदिनीच भेटली. लीलाला बारीक ताप होता.

"जाऊबाई, बिटिया आहे का आत?"

"आहे," शरदिनी म्हणाली. "पण प्रायश्चित्ताची तयारी करून आलीस ना?"

आणि तिने जावेला बसायला पाट दिला.