बारा फुलं

विगिंतास सोळा वर्षं व्यावसायिक बास्केटबॉल खेळला, असं तो सांगायचा. खरं म्हणजे सहा वर्षं खेळला आणि दहा वर्षं बाकाच्या टोकाला बसून टॉवेल सांभाळला. लिथुआनियात पोरं चालायच्या आधी चेंडू आपटतात, तिथे याचं कसलं डोंबलाचं कौतुक? पण तोरा असा, की बेकरीतली रांगसुद्धा या महाशयांना लागू नव्हती.

आता अडतिसावं लागलेलं, गुडघे दोनदा फाडून शिवलेले. तरी गड्याला आणखी एक हंगाम हवा होता. त्यानंतर काय करायचं, हा विचार करायचीच त्याला भीती वाटायची.

क्लबचे संचालक ब्रूझ्गासाहेब म्हणाले, "रविवारच्या सामन्यात मध्यंतराला सूट घालून ये. गावासमोर जाहीर करायचंय." झालं, नवा करारच जाहीर होणार असं धरून स्वारी हवेत.

"करारावर सही करायला सूट कशाला लागतो रे?" त्याच्या बायकोने, युर्गिताने, इस्त्री फिरवता फिरवता विचारलं.

"तुला नाही कळायचं त्यातलं."

"तुझे गुडघे कळतात मला. रोज मीच चोळते."

रविवारी हॉल खच्चून भरला. ढोल वाजले आणि विगिंतासची बारा नंबरची जर्सी दोरीने छताला चढली. आता हा नंबर पुन्हा कुणाला मिळणार नाही, म्हणजे त्यालाही नाही. हे डोक्यात शिरायला त्याला जरा वेळच लागला.

"आणि करार?" तो पुटपुटला.

"कसला करार? हात हलव, लोक बघताहेत." ब्रूझ्गासाहेबांनी हसऱ्या तोंडाने पांढऱ्या गुलाबांचा गुच्छ त्याच्या हातात कोंबला. "बारा नंबरला बारा फुलं. माझीच कल्पना."

ढोल मध्येच थांबले. तिकडची रीत अशी, की जिवंत माणसाला द्यायची फुलं विषम. सम फुलं जातात ती थडग्यावर. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक, पण स्वतःच्या अकलेवर खूश झालेल्या साहेबांना कुठलं आठवायला? तिसऱ्या रांगेतल्या म्हातारीने छातीवर क्रूसाची खूण केली.

युर्गिता प्रेक्षकांतून तरातरा खाली आली. "एक काढून टाक त्यातलं," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "अकरा होतील."

विगिंतासने फुलं मोजली.

"राहू दे. बरोबर मोजलीत त्यांनी."

तो लंगडत बाकाकडे गेला. टोकाची जागा मोकळीच होती. बाराही फुलं त्याने तिथे नीट ठेवली, आणि सोळा वर्षांत पहिल्यांदाच शेवटची शिट्टी व्हायच्या आधी घरी गेला.