हिरव्या गवतावरचं मटण

रविवारी मटण आणायला गेलो. नवंच दुकान. काचेच्या पेटीत हिरवंगार प्लास्टिकचं गवत अंथरून त्यावर मटण मांडलेलं. कसं लालबुंद दिसत होतं, आत्ताच कापल्यासारखं! घरी येऊन पातेल्यात ओतलं, तर काळपट आणि शिळं. बायको नाकाला पदर लावून म्हणाली, "डोळे काय घरी ठेवून गेला होतात?"

डोळे बरोबरच होते, तीच तर अडचण. फार पूर्वी परदेशातल्या एका सूत रंगवण्याच्या कारखान्यात तक्रार आली होती, की काळं सूत फिकं दिसतं. तिथल्या रसायनतज्ज्ञाला कळलं, की सुतात खोट नाही; शेजारच्या निळ्यामुळे डोळाच फसतोय. त्या एका शोधावर पुढे चित्रकारांनी ठिपक्याशेजारी ठिपका ठेवून कॅनव्हासवर ऊन पेटवलं. चित्रकलेच्या तासाला मी जन्मभर तेच शिकवलं: लालशेजारी हिरवा ठेवा, लाल पेटतो. आणि आता? टीव्ही लावा, मोबाइल उघडा, चौकातलं होर्डिंग बघा, जो तो त्याच विद्येवर आपलं शिळंपाकं खपवतोय. शिसारी येते अगदी.

पिशवी उचलली आणि तडक दुकानात गेलो. "लाज नाही वाटत, गवतावर मांडून सडकं विकायला?" मी ओरडलो.

दुकानदार लगबगीनं बाहेर येऊन माझ्या पाया पडला.

"सर, ओळखलं नाहीत? गवताची आयडिया तुमच्याच तासाला सुचली."

त्याचे ओले, चिकट हात अजून माझ्या पायांवरच होते.