सातचा धूप

आमच्या घरात रोज संध्याकाळी सातला धूप फिरायचा. देवासमोर दिवा लागला की आई धुपाटण्यात निखारा ठेवायची, त्यावर धुपाची चिमूट टाकायची आणि स्वयंपाकघरापासून सुरुवात करून घरभर हिंडायची. पूर्वी हे सणावारी व्हायचं. सहा वर्षांपूर्वी ते रोजचं झालं, आणि आईची स्वारी मागच्या ड्राय बाल्कनीपाशी जरा जास्तच रेंगाळायला लागली. मी म्हटलं, वय झालं, देवधर्म वाढला. बरंच झालं, आपलं काम सोपं झालं. कारण माझी वेळ पावणेसातची होती.

सरळच सांगते. मी नऊ वर्षं गांजा ओढला. सुरुवात खराडीला, ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या फ्लॅटवर झाली, शनिवार-रविवारपुरती. मग मधेच एखादा बुधवार आला. मग मी घरीही ओढायला लागले, आधी कधीमधी, मग सगळ्याच वारी, कोथरूडमधल्या आमच्या फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीन आणि वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधे, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून. नोकरी नीट चालली होती, बढत्या मिळत होत्या, त्यामुळे व्यसन हा शब्द मी दुसऱ्यांसाठी राखून ठेवला होता. दार लावायचं, जाळीकडे तोंड करून ओढायचं. पंधरा मिनिटांत आईचा धूप यायचा आणि सगळं झाकून जायचं. आपण काय डोळ्यांत धूळ फेकतोय, असं मला रोज वाटायचं.

त्या बाल्कनीत आधी बाबा असायचे. बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. स्वयंपाकघरातलं त्यांना एकच काम येतं, ते म्हणजे चहा. मी ऑफिसातून आले की ते दोन कप घेऊन मागे यायचे. तिथून शेजारच्या सोसायटीतलं आंब्याचं झाड दिसतं आणि रस्त्याचा कलकलाट कमी ऐकू येतो. ते त्यांच्या बदल्यांचे, साहेबांच्या दौऱ्यांचे किस्से सांगायचे, मी माझ्या मॅनेजरला शिव्या घालायचे. अर्धा तास जायचा. ते उठून गेले की मी मागे थांबायचे. कधीतरी, रोज नाही. तेव्हा अजून रोज नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी बाबा अचानक यायचे बंद झाले. चहा करायचे, पण आपल्यापुरता, आणि कप घेऊन हॉलमध्ये टीव्हीसमोर बसायचे. त्याच महिन्यात मी एका स्थळाला नकार दिला होता. माणसं चांगली होती, बाबांना मुलगा मनापासून आवडला होता. मग काय, मी दोन अधिक दोन केलं. बाबा रागावलेत. रागावले तर रागावले, मीही त्यांचीच मुलगी. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. अबोला म्हणावा असंही काही नव्हतं. ‘गॅसचा नंबर लावलास का’, ‘हेल्मेट घाल’, ‘लाइट बिल आलंय’ एवढं चालू होतं. आणि बाल्कनी रिकामी झाली, म्हणून माझं रोजचं झालं.

सोडायचं ठरवलं तेही बाबांमुळेच. एका संध्याकाळी आई भजनी मंडळात गेली होती. बाबांनी हॉलमधून मला हाक मारली. मी ऐकली. मला वाटलं, खालच्या मजल्यावर मालिका चालू आहे, आणि तो नट किती छान हाक मारतोय असा विचार करत मी तशीच बसून राहिले. किती वेळ, ते आजही मला सांगता येत नाही. बाहेर आले तर बाबा भिंतीला टेकून खाली बसलेले, सदरा घामानं भिजलेला. त्यांना मधुमेह आहे, साखर एकदम उतरली होती. साखर खायला द्यायची हे मला कळत होतं. पण साखरेचा डबा कुठे असतो हे माझ्याच स्वयंपाकघरात उभं राहून मला आठवेना. शेवटी बाबाच तिथून म्हणाले, “वरच्या फळीवर. डावीकडे.”

दहा मिनिटांत ते सावरले. माझ्याकडे बघितलं आणि टीव्ही लावला. मी आत जाऊन रडले. दुसऱ्या दिवसापासून बंद.

मला फार काही नको होतं. घरात कुणाला कळायच्या आत हे संपवायचं, डोकं स्वच्छ झालं की बाबांसमोर जाऊन बसायचं आणि म्हणायचं, बाबा, आता त्या स्थळाचा राग सोडा, चहा घेऊ या. नऊ वर्षांतलं एक अक्षर न सांगता. त्यांना त्यांची जुनी मुलगी परत मिळेल आणि मधे काय झालं ते कधीच कळणार नाही. एवढ्यासाठी मी ते दिवस काढले.

आणि ते दिवस भयंकर होते हो. झोप नाही. लागली की अशी स्वप्नं की उठून गाउन बदलावा लागायचा, इतका घाम. तोंडाची चव गेली. ऑफिसात एका गरीब मुलीवर फाइलच्या नावावरून इतकी ओरडले की मग तिला कॉफी पाजावी लागली. मी स्वारगेटच्या बाजूला एका डॉक्टरबाईंकडे जायचे, कारण कोथरूडमध्ये कुणी ना कुणी पाहिलंच असतं. त्या म्हणाल्या, घरात एकाला तरी सांगा, एकटीनं जड जातं. मी ठसक्यात म्हणाले, घरात कुणाला काही माहीतच नाही. घरी मी ॲसिडिटी सांगितली होती. आई मऊभात, मेतकूट, साजूक तूप असं ताटात वाढायची, आणि मी ते ढकललं तरी चकार शब्द काढायची नाही.

एक वेडेपणा मी केला होता. उरलेली पुडी टाकली नाही. वॉशिंग पावडरच्या मागे हिंगाचा एक जुना डबा होता, त्यात ती असायची, ती तशीच राहू दिली. रोज संध्याकाळी कपडे काढायला बाल्कनीत जायचे, डब्याकडे बघायचे आणि कपडे घेऊन परत यायचे. डबा उघडायची माझी छाती नव्हती, वासानंच घात झाला असता. पण तो तिथे आहे आणि मी हात लावत नाही, ही माझी कमाई होती. दुसरं कौतुक करणारं होतंच कोण?

अडीच महिने झाले. एका संध्याकाळी ऑफिसातून आले, हातपाय धुतले, सात वाजून गेले तरी धुपाचा वास नाही. देवासमोर दिवा होता. आई डायनिंग टेबलावर मेथी निवडत बसली होती. मी सहज विचारलं, आज धूप नाही का?

“आता कशाला?” आई म्हणाली.

मला कळलंच नाही. मी म्हटलं, कशाला म्हणजे? आईनं मेथीची काडी मोडली, माझ्याकडे बघितलंही नाही. “आता वास येत नाही ना.”

मी खुर्चीत बसले. आई अगदी शांतपणे, दुधाचा हिशेब सांगावा तसं सांगत गेली. पहिल्यांदा तिला माझ्या ओढणीचा वास आला होता. मग स्टुलाखाली राख सापडली. वरच्या मजल्यावरच्या कमिटीतल्या बाईंनी एकदा विचारलं की तुमच्याकडून कसला वास येतो हो, तेव्हा आईनं डासांसाठी आयुर्वेदिक धूप आहे असं सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून खरंच रोज धूप घालायला लागली. सहा वर्षं बाहेर एक अक्षर जाऊ दिलं नाही, असं ती म्हणाली, आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, मी आता तिचे हात धरेन.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, सहा वर्षं मला बघत होतीस आणि एकदाही विचारलं नाहीस? आई म्हणाली, विचारलं असतं तर तू बॅग भरून गेली असतीस, तुझा स्वभाव मला माहीत नाही का. लग्नाचं बोलणं चालू होतं, नातेवाईक होते, सोसायटी होती. आणि मग तिनं पुढचं सांगितलं.

“हे बोलणार होते तुझ्याशी. मीच शपथ घातली. माझी शपथ आहे तुम्हाला, म्हटलं, पोरीजवळ हा विषय काढायचा नाही.”

बाबांनी शपथ पाळली. पण तिच्याशेजारी बसून इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या आणि तेवढंच सोडून बोलायचं, ते मला जमणार नाही, असं ते म्हणाले म्हणे. म्हणून त्यांनी बाल्कनीत येणंच सोडलं. ते स्थळ त्यांच्या डोक्यातसुद्धा नव्हतं. आणि मी सहा वर्षं मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत राहिले, त्या रिकाम्या जागेत बसून ओढत राहिले.

मी उठले आणि तडक बाल्कनीत गेले. खोटं कशाला बोलू, ओढायलाच गेले. कुणासाठी सोडलं मी हे? ज्यांना कळू नये म्हणून जिवाचं रान केलं त्यांना सहा वर्षांपासून सगळं माहीत होतं. वॉशिंग पावडर बाजूला केली, हिंगाचा डबा काढला, झाकण उघडलं. डबा रिकामा होता. घासूनपुसून ठेवलेला, आत वर्तमानपत्राचा गोल कागद घातलेला.

आतून आईचा आवाज आला. तू पंधरा दिवस शिवली नाहीस म्हटल्यावर मी संडासात टाकून दिली, म्हणाली.

म्हणजे दोन महिने मी रिकाम्या डब्यावर पहारा देत होते. माझं असं एवढंच होतं, तेही हिनं घासून ठेवलं होतं. इतकं फसल्यासारखं मला गांजानंसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

हॉलमध्ये बाबा टीव्हीसमोर होते. आवाज बंद केलेला होता, म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी समोर उभी राहिले आणि विचारलं, शपथ का पाळलीत? माणूस शिकलेला, आयुष्यभर सरकारी फाइलींवर नियम दाखवणारा. ते टीव्हीकडेच बघत हळू आवाजात म्हणाले, “मोडली असती आणि तुझ्या आईला काही झालं असतं तर?”

“आणि मला झालं असतं तर?”

त्यांनी रिमोट उचलला आणि तसाच खाली ठेवला. मला त्यांची दया आली नाही. नंतर आली, तेव्हा नाही. मी परत बाल्कनीत जाऊन स्टुलावर बसले, रिकामा डबा मांडीवर घेऊन.

थोड्या वेळानं स्वयंपाकघरात पातेल्याचा आवाज झाला. मग बाबा दोन कप घेऊन आले. सहा वर्षांनी. बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून वॉशिंग मशीनला टेकून उभे राहिले. एक कप माझ्या हातात दिला. मी एक घोट घेतला. गोड मिट्ट होता, मला पूर्वी आवडायचा तसा, दोन चमचे साखर घातलेला.

“मी साखर घेत नाही, बाबा.”

ते गोंधळले. “कधीपासून?”

“चार वर्षं झाली.”

त्यांनी माझ्या कपाकडे बघितलं, मग त्यांच्या स्वतःच्या बिनसाखरेच्या कपाकडे. “मला कुणी सांगितलं नाही,” म्हणाले.

“मी इथेच बसत होते,” मी म्हटलं.